वेलांटी आधी की नंतर?

श्रावणातला रविवार. पाऊस उघडला होता. सोलापूर रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज उसाच्या फडावरून थेट कासुर्डीच्या घरांपर्यंत येत होता, आणि गुरुजी ओट्यावर चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत बसले होते. गुरुजींनी मला तिसरी-चौथीत शिकवलं. माझं अक्षर त्यांनी घडवलं, तेही हात हातात धरून. आता मी याच पंचक्रोशीत आठवीला मराठी शिकवते. गेली दोन वर्षं माझ्या निबंधाच्या तासाला वही-पेनाबरोबर फोन आणि टॅबही असतात. ही गोष्ट गुरुजींच्या कानावर गेली होती. ती जाणारच, कारण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप त्यांच्याच हाताखालून गेलेले आहेत.

मी पिशवीत तीन वस्तू घेऊन गेले होते : माझा फोन, मुलांच्या लेखनाची फाइल आणि निळ्या पुठ्ठ्याची एक शंभरपानी वही.

गुरुजी : बस. चहा होतोय. पोरं निबंध बोलतात म्हणे तुझ्या वर्गात. लिहीत नाहीत?

मी : आधी बोलतात, मग लिहितात, मग ते खोडून पुन्हा लिहितात.

गुरुजी : बोललं ते वक्तृत्व झालं, लेखन कुठं झालं? लेखन हातातून उतरतं. तुझा ‘ळ’ आठवतो का? दोन महिने पाटीवर गिरवून घेतला, तेव्हा कुठं तो उभा राहिला.

मी : तो ‘ळ’ अजून तुमचाच आहे, गुरुजी. पण चौथीपर्यंत मी स्वतःचं एक तरी वाक्य लिहिल्याचं आठवत नाही. आठवतं ते उतरवून घेणं. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ तुम्ही फळ्यावर लिहायचात आणि आम्ही वहीत घ्यायचो. चाळीस वह्यांत एकच पाऊस पडायचा.

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी केली. दोन इयत्ता एका खोलीत, फळ्याची अर्धी बाजू तिसरीला आणि अर्धी चौथीला, हे मला माहीत होतं. त्यांनी ते कारण म्हणून सांगितलं नाही. ‘खरं आहे,’ एवढंच म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी एक जुनं कात्रण आणलं.

गुरुजी : हे वाच. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातलं संशोधन, २०२४ मध्ये छापलेलं. छत्तीस विद्यार्थ्यांच्या डोक्याला तारा लावून पाहिलं. हातानं लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जोडले जातात; कळा दाबताना तसं होत नाही. मी काही वेगळं सांगत होतो का तीस वर्षं?

मी : हे मीही वाचलंय. पण त्यातली दोन वाक्यं कात्रणात नाहीत. टाइप करणाऱ्यांना एकाच बोटानं टाइप करायला लावलं होतं. आणि हातानं लिहिणाऱ्यांच्या हातात डिजिटल पेन होतं, ते पडद्यावर लिहीत होते. म्हणजे जिंकला तो हात खरा, पण कागद नव्हे. शिवाय ती विद्यापीठातली मुलं होती, लिहायला कधीच शिकून झालेली.

गुरुजी : पडद्यावर का होईना, हात फिरला ना? मी कागदाची बाजू घेतच नाही, मी हाताची घेतोय. आणि नॉर्वे राहू दे, आपल्याकडचं बघ. करोनात शाळा बंद झाल्या. दोन वर्षं पोरांनी गृहपाठाचे फोटो पाठवले. २०२२ साली दहावीची परीक्षा झाली, तेव्हा मंडळालाच ऐंशी गुणांच्या पेपरला अर्धा तास वाढवून द्यावा लागला. का? तर लिहिण्याचा सराव गेला म्हणून. पोरांना उत्तरं येत होती, पण हात चालत नव्हता. तुझी आठवीची पोरं दोन वर्षांनी त्याच बाकावर बसणार. तिथं फोन नाही.

इथे मला गप्प व्हावं लागलं. दहावीच्या उपयोजित लेखनात पत्राच्या नव्या प्रारूपात ई-मेलचा पत्ता असतो, आणि मुलं तो पत्ता पेनानं, उत्तरपत्रिकेवर, वेळेशी शर्यत करत लिहितात. मला हे विसंगत वाटतं. पण परीक्षा आहे तशी आहे, आणि माझ्या वर्गातल्या मुलीचं पुढचं कॉलेज त्यावर ठरणार आहे. म्हणून आठवड्यातल्या निबंधाच्या दोन तासांतला एक मी पूर्ण कागदाचा ठेवते. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

गुरुजी : मग दुसऱ्या तासात काय करता? कळा दाबून पोरं काय शिकतात, ते सांग. मी काही यंत्राला भ्यायलेला माणूस नाही. डी.एड. व्हायच्या आधी मराठी टंकलेखनाची तीसची परीक्षा पास झालोय.

मी : मग तुम्हीच सांगा. टंकयंत्रावर ‘कि’ लिहिताना आधी काय दाबायचात?

गुरुजी : ऱ्हस्व वेलांटी, मग ‘क’. कागदावर ती आधी उमटते, म्हणून कळही आधी.

मी : आणि फोनवर आधी ‘क’ दाबायचा, मग वेलांटी.

गुरुजींनी फोन हातात घेतला. मी इनस्क्रिप्टचा कळफलक लावून दिला. १९८६ साली सरकारनं भारतीय भाषांसाठी ठरवलेला हा कळफलक : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. गुरुजींनी ‘क’ दाबला, वेलांटी दाबली, आणि वेलांटी आपोआप ‘क’च्या डावीकडे जाऊन बसली. त्यांनी ते चार वेळा केलं.

गुरुजी : म्हणजे हे डोळ्याला दिसतं तसं लिहीत नाही. तोंडानं म्हणतो तसं लिहितं.

मी : हेच मला वर्गात सापडलं. आमच्या एका मुलीनं विचारलं, बाई, वेलांटी आपण आधी काढतो पण म्हणतो नंतर, असं का? आठ वर्षं ती वेलांटी काढत होती, तिला हा प्रश्न पडला नव्हता. तसंच ‘ज्ञ’चं. फोनवर ‘ज्ञ’ हवा असेल तर ज, पाय मोडायचा, मग ञ. मुलं म्हणाली, पण आपण तर ‘द्न्य’ म्हणतो! एक अख्खा तास त्यावर गेला. आणि ‘दऱ्या’. मुलांच्या वहीत वर्षानुवर्षं ‘सह्याद्रीच्या दर्या’ असतं आणि आपण गडबडीत बरोबरची खूण करतो. टाइप करताना चंद्रकोरीसारखा ‘र’ शोधावा लागतो. शोधायला लागलं की कळतं, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या.

गुरुजींनी ‘दऱ्या’ टाइप करायचा प्रयत्न केला. ‘ऱ’ सापडायला वेळ लागला. मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. चहा गार झाला.

गुरुजी : हे मान्य. अक्षर फोडून दाखवायला हे यंत्र चांगलं आहे. पण हे झालं व्याकरण. निबंध कुठं आला?

मी : निबंध पालखीतून आला.

तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम उरकून उरुळी कांचनमार्गे यवतला निघते, ती आमच्याच रस्त्यानं. यवतला काळभैरवनाथाच्या देवळात वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण असतं. त्यासाठी भोवतालच्या घराघरांतून भाकरी जातात. दर वर्षी मी ‘मी पाहिलेली पालखी’ हा निबंध द्यायचे, आणि दर वर्षी ‘टाळ-मृदंगाच्या गजरात आसमंत दुमदुमून गेला’ हे वाक्य साठ वह्यांत यायचं. मुलांच्या स्वतःच्या आज्या पहाटे तीनला उठून भाकरी थापत होत्या आणि ते कुणाच्याच निबंधात नव्हतं. म्हणून या वर्षी मी सांगितलं : निबंध लिहू नका. फोन घ्या आणि भाकरी थापणाऱ्या एका बाईचं बोलणं दहा मिनिटं भरून आणा. तिला मधे तोडू नका.

गुरुजी : म्हणजे म्हाइंभट केलंस पोरांना.

मला हे सुचलं नव्हतं. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या, त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि लीळाचरित्र उभं केलं. मराठी गद्य तिथून सुरू होतं, आणि ते सुरू होतं ऐकण्यापासून. मी गुरुजींना म्हटलं, हे मी उद्या वर्गात सांगणार.

गुरुजी : सांग. पण म्हाइंभटानं ऐकलं ते स्वतः लिहिलं. तुझ्या फोनवर बोललं की अक्षरं आपोआप उमटतात ना?

मी : उमटतात. २०१७ पासून मराठीत बोलून लिहिता येतं. आणि बोलून लिहिण्याचं म्हणाल तर ज्ञानेश्वरी ज्ञानदेवांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. ती ज्ञानदेवांचीच ना?

गुरुजी : सच्चिदानंदबाबा माणूस होते. एखादा शब्द नीट ऐकू आला नसेल तर त्यांनी विचारलं असेल. तुझं यंत्र विचारत नाही. ते ठरवून टाकतं.

हे वाक्य मी त्याच रात्री लिहून ठेवलं, कारण वर्गात जे घडलं होतं ते नेमकं हेच होतं आणि मला ते इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

घडलं असं. एका मुलानं आजीचं बोलणं ध्वनिमुद्रित करून आणलं. मग ते वाक्यावाक्यानं स्वतः फोनला सांगितलं आणि फोननं लिहिलं. आजी म्हणाली होती, ‘पीठ सरलं व्हतं, पर मानूस न्हाय सरला.’ फोननं लिहिलं, ‘पीठ सरळ होतं पण माणूस नाही सरला.’ मुलगा माझ्याकडे आला. ‘बाई, आजी असं नाही म्हणाली.’ त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश. फोननं पुन्हा तेच केलं. ‘न्हाय’चं ‘नाही’, ‘व्हतं’चं ‘होतं’. तेव्हा त्यानं फोन बाजूला ठेवला आणि वहीत, पेनानं, आजीचं वाक्य आजीसारखं लिहिलं. आठवीच्या मुलानं शब्दाच्या बाजूनं असं भांडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गुरुजी : मग हे माझ्या बाजूचं झालं. शेवटी पेनच कामाला आलं.

मी : पेन कामाला आलं, पण फोननं चूक केली नसती तर ते उचललं गेलं नसतं. आजीचं वाक्य बदललं हे त्याला पडद्यावर दिसलं. तुम्ही रागावणार नसाल तर एक बोलू?

गुरुजी : बोल.

मी : चौथीत मी एकदा ‘आमी मळ्यात गेलो व्हतो’ असं लिहिलं होतं. तुम्ही लाल शाईनं ‘आम्ही’ केलं, ‘होतो’ केलं आणि शेजारी लिहिलंत, ‘शुद्ध लिहा’. मला वाटलं, घरात आई बोलते ते अशुद्ध. मी बरीच वर्षं आईला शाळेत येऊ दिलं नाही.

ओट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. आतून काकूंनी भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी हे बोलायला नको होतं असं मला वाटलं. पण मी तिथे मुळात ज्यासाठी गेले होते ते बहुधा हेच होतं.

गुरुजी : मला कुणी सांगितलंच नाही, की दोन्ही ठेवता येतं. आम्हाला नियम दिले होते, साहित्य महामंडळाचे. आधी चौदा, मग बहात्तर साली आणखी चार. ते लिहिण्याचे नियम होते. आम्ही ते बोलण्याला लावले. म्हणजे मीही विचारलं नाही. ठरवून टाकलं.

मी : यंत्र तेच करतं, पण फार वेगानं आणि सगळ्यांना एकसारखं. म्हणून मला मुलांना ते बघायला शिकवायचंय. प्रमाण मराठी त्यांना यायलाच हवी. उद्या अर्ज, पेपर, मुलाखत त्यातच आहे. पण आजीचं वाक्य कुठं संपलं आणि आपलं कुठं सुरू झालं, हे त्यांना कळायला हवं. त्या मुलानं अवतरणचिन्ह पहिल्यांदा मनापासून वापरलं ते त्या दिवशी. आत आजीची भाषा, बाहेर त्याची.

मग मी त्यांना फाइलीतलं एक लेखन वाचायला दिलं. लिहिणारा मुलगा वर्गात मागे बसतो. त्याची अक्षरं उलटीसुलटी येतात, ओळ सुटते; तपासणीत त्याला लेखनाची अक्षमता असल्याचं निघालं आहे. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण आठवीपर्यंत तो फक्त ‘लिहीत नाही’ म्हणून ओळखला जायचा. त्याचे वडील महामार्गालगत ट्रकची पंक्चरं काढतात. त्यानं टॅबला बोलून चार पानं सांगितली : रात्री दोन वाजता थांबलेला ट्रक, चालक कुठल्या राज्याचा हे टायरवरच्या मातीवरून वडील कसं ओळखतात, आणि घरी फोन लावणाऱ्या चालकांचे आवाज कसे बदलतात. मग त्यातला अर्धा मजकूर त्यानं स्वतः कापला. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा आलंय, हे त्याला टॅबनं परत वाचून दाखवल्यावर ऐकू आलं.

गुरुजींनी चारही पानं वाचली. एका ठिकाणी परत मागे गेले.

गुरुजी : माझ्याकडे असा एक होता. फार हुशार. मोटारीचा आवाज ऐकून सांगायचा कुठली गाडी आहे. त्याला मी रोज दोन पानं शुद्धलेखन द्यायचो. सुधारेल म्हणून. पाचवीत गेला नाही तो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी काही बोलले नाही. इथे जिंकण्यासारखं काही नव्हतं.

गुरुजी : बरं. माझं हे घे आणि आता तुझं सांग. कुठं फसलीस? सगळं चांगलंच झालं असं सांगू नकोस.

फसले ते सांगितलं. पहिल्या वर्षी ‘माझे गाव’ हा विषय दिला आणि घरून करून आणायला सांगितला. सोमवारी अकरा निबंधांत ‘झुळझुळ वाहणारी नदी’ आणि ‘गर्द वनराई’ होती. आमच्या शिवारात कालव्याचं पाणी आहे, विहिरी आहेत, बोअर आहेत, ऊस आहे. वनराई शोधायला भुलेश्वरच्या डोंगराकडे बघावं लागेल. मुलांनी फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विषय सांगितला होता आणि तिनं गाव दिलं होतं, कुठलंही चालेल असं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मला वाचताना भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

गुरुजी : पण ती नदी तर गाईडातही होती. माझ्या फळ्यावरही होती.

मी : होती. पण गाईडातलं उतरवताना मूल निदान ते वाक्य हातातून जाऊ देत होतं. इथं तेही नाही. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. फोन त्यांच्या हातात आहेच, मी दिला तरी आणि नाही दिला तरी. शाळेत तो आला नाही तर तो कसा वापरायचा हे ती बाहेरूनच शिकणार.

गुरुजी : आणि आला तर तुझ्याकडून शिकतील याची खात्री आहे?

मी : नाही. म्हणून आता घरी निबंध देत नाही. वर्गातच, माझ्यासमोर. आणि कळफलकावर पुढचा शब्द सुचवणारी ती पट्टी असते ना, ती पहिल्या खर्ड्याला बंद ठेवायची. मूल ‘सूर्य’ लिहितं तोच पट्टी ‘उगवला’ म्हणते. सुचवलेला शब्द चुकीचा नसतो, हीच अडचण आहे. दुसऱ्या खर्ड्याला पट्टी चालू करायची, आणि ती सुचवेल तो शब्द न घेता दुसरा लिहून दाखवायचा. मुलांना हा खेळ वाटतो.

याच सोलापूर रस्त्यानं पुढे गेलं की माढा तालुक्यात परितेवाडी लागते. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड ही त्यांनी रुजवलेली गोष्ट. इकडे शिरूर तालुक्यात वाबळेवाडीच्या शाळेचं नाव झालं. या माणसांमुळे आमच्यासारख्यांना वर्गात टॅब आणायचं बळ आलं, हे मी कृतज्ञतेनं सांगते. पण कोड स्कॅन केला की मुलाला काहीतरी ऐकू येतं, दिसतं. ते मूल अजून घेणाऱ्याच्याच जागी असतं. लिहिणाऱ्याच्या जागी त्याला कसं बसवायचं, हे मी अजून शोधतेच आहे.

गुरुजींना केडगाव आठवलं.

गुरुजी : पंडिता रमाबाईंचा छापखाना होता तिथं, मुक्तिमिशनमध्ये. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक पुरं छापून झालं १९२४ ला. खिळे जुळवायला कोण होतं? तिथल्याच मुली-बायका. ज्यांना घरात जागा नव्हती त्या. खिळा उलटा असतो, ओळ उलटी वाचावी लागते. त्या काळात यंत्र म्हणजे ते. ते बाईंनी साहेबाच्या किंवा पुण्याच्या छापखानेवाल्याच्या हाती ठेवलं नाही, मुलींच्या हाती दिलं.

मी : मग तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय.

गुरुजी : नाही. त्या मुलींना प्रत्येक खिळा उचलावा लागायचा, हे सांगतोय. एकेक. तुझ्या पोरांना काय उचलावं लागतं, ते बघत जा. काहीच उचलावं लागलं नाही, तर ते यंत्र त्यांच्या हातात नाही, ती त्याच्या हातात आहेत.

तेव्हा मी निळी वही काढली.

ती गुऱ्हाळावरच्या एका मुलीमुळे सुरू झाली. आमच्या भागातल्या गुऱ्हाळांवर उत्तरेकडून आलेली कुटुंबं काम करतात, ही त्यांतली. तिची घरची बोली वेगळी, शाळेतली मराठी, त्यात बोलून लिहिणारा टॅब तिचा उच्चार ओळखेना. तिच्यासाठी माझं सगळं तंत्र निकामी ठरलं. तिनं हातानं लिहिलं, गूळ कसा होतो ते : काहील, चुलवाण, चिपाडाचा जाळ, रस निवळायला भेंडीचं पाणी, वर आलेली मळी काढायची, गुळव्या पाक कधी उतरवायचा ते कसं ओळखतो, आणि मग ढेप. हे शब्द ती इथेच, गुऱ्हाळावरच शिकली होती. मराठी घरांतल्या निम्म्या मुलांना ते माहीत नव्हते. नंतर ती मजकूर टॅबवर टाइप करायला बसली, तेव्हा ‘चुलवाण’खाली लाल रेघ आली. ‘बाई, हा शब्द चुकीचा आहे?’ मी म्हटलं, शब्द बरोबर आहे, टॅबला तो माहीत नाही. कळफलकाच्या शब्दकोशात नवा शब्द घालता येतो, ते तिला दाखवलं. तिनं ‘चुलवाण’ घातला. मग ‘गुळव्या’. मग वर्ग रांगेत आला, प्रत्येकाकडे टॅबला माहीत नसलेला एक शब्द होता. पुढच्या महिन्यात तो टॅब बिघडला, दुरुस्त होऊन आला तेव्हा कोरा होता. सगळे शब्द गेले. म्हणून ही वही. आता शब्द आधी वहीत लिहायचा, अर्थासह, पेनानं, खाली आपलं नाव, मग टॅबात.

गुरुजींनी वही पहिल्या पानापासून बघितली. अक्षरं वेडीवाकडी आहेत. मला वाटलं ते अक्षरांबद्दल बोलतील.

गुरुजी : मोटेचे शब्द नाहीत यात. नाडा, सोंदूर, धाव.

मी : मोट कुणी पाहिलीच नाही, गुरुजी. मीसुद्धा.

गुरुजी : तुझं ते बोलायचं चालू कर.

मी माइकच्या चित्रावर बोट ठेवलं. गुरुजी फोनपासून जरा लांब सरून, वर्गात श्रुतलेखन घालायचे तशा आवाजात म्हणाले, ‘मोटेचं पाणी थारोळ्यात पडलं.’ फोननं ‘मोटेचं’चं ‘मोठेच’ केलं. पण ‘थारोळ्यात’ बिनचूक लिहिलं. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, हा शब्द त्याला येतो.

गुरुजी : कुठून येतो?

मी उत्तर द्यायच्या आत मला कळलं. वर्गात मागे एकदा हाच शब्द निघाला होता आणि सगळ्या मुलांनी एका सुरात त्याच्या आधीचा शब्द सांगितला होता : रक्ताच्या. बातम्यांत तो तसाच येतो, दुसरीकडे कुठे येतच नाही. मलाही तो तेवढाच ठाऊक होता.

‘पेन दे,’ गुरुजी म्हणाले. माझ्या पिशवीत पेन होतं. त्यांनी वहीचं शेवटचं लिहिलेलं पान काढलं, मुलांनी आखली होती तशीच समासाची रेघ आखली. ‘हौद’ लिहिलं. थांबले, ते खोडलं. ‘टाकी’ लिहिलं, तेही खोडलं. मग बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं :

थारोळं – विहिरीच्या काठावर मोट रिकामी होते ती दगडांनी बांधलेली जागा. पाणी आधी इथं पडतं, मग पाटाला लागतं.